वावर नकाशावर कुठं आहे? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या महिन्यात मी इथं एवढंच विचारलं होतं की तुमच्या शेताचे अक्षांश-रेखांश तुमच्याकडे कुठं लिहून ठेवलेले आहेत का. त्यावर इतके मेसेज आणि व्हॉइस नोट आल्या की सगळ्यांना उत्तर देणं या पानात बसणार नाही, म्हणून ज्या अडचणी परत परत आल्या त्या आधी घेतल्यात. मी एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी सभासदांची शेतं नकाशावर घ्यायचं काम करते, म्हणजे आठवड्यातले चार-पाच दिवस कुणाच्या ना कुणाच्या बांधावर फोन हातात घेऊन उभी असते, त्यामुळं खाली जे सांगतेय ते करून बघितलेलं आहे.

प्रश्न: ताई, ठिबकचा सर्व्हे करायला माणूस येणार आहे, त्यानं अक्षांश-रेखांश मागितले. मी व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवलं तर म्हणतो आकडे पाठवा. आकडे आणायचे कुठून?
एक डाळिंब बागायतदार, सांगोला

उत्तर: दादा, सगळ्यात आधी शेतात जा, घरी बसून अंदाजानं पिन टाकू नका. फोनचं लोकेशन चालू करा आणि गुगल मॅपला अचूक लोकेशनची परवानगी दिलीय का ते सेटिंगमध्ये बघा, कारण ती बंद असली की फोन तुम्हाला मोघम गावाच्या आसपास कुठंतरी दाखवतो आणि आपल्याला वाटतं मॅपच खराब आहे. मग मोकळ्यावर उभे राहा, झाडाखाली नको, पत्र्याच्या शेडला चिकटून नको, आणि लगेच आकडे उचलू नका. सुरुवातीला निळ्या ठिपक्याभोवती फिकट निळा मोठा गोल दिसतो, तो गोल म्हणजे फोन सांगतोय की मी ह्याच्या आत कुठंतरी आहे, नक्की कुठं ते अजून शोधतोय. मिनिट-दोन मिनिटं शांत उभं राहिलं की गोल आकसत जातो. आकसून थांबला की नकाशा बोटांनी चांगला मोठा करा आणि ठिपक्यावर बोट दाबून धरा. लाल पिन पडते आणि सर्चच्या चौकटीत नाहीतर खालच्या माहितीत दोन आकडे येतात, त्यांच्यावर दाबलं की कॉपी होतात. ते तसेच मेसेजमध्ये चिकटवायचे, हातानं टाइप करायच्या भानगडीत पडू नका.

आता त्या आकड्यांचं. पहिला असतो अक्षांश, म्हणजे विषुववृत्तापासून उत्तरेला किती, आणि दुसरा रेखांश, म्हणजे ग्रीनिचपासून पूर्वेला किती. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाचे आकडे साधारण १८.९२२०, ७२.८३४७ असे आहेत. एक अंश अक्षांश म्हणजे जमिनीवर जवळपास १११ किलोमीटर, त्यामुळं टिंबानंतरचा तिसरा आकडा एकानं बदलला तर जागा शंभर-एकशे दहा मीटर सरकते, चौथ्याला अकरा मीटर आणि पाचव्याला एक मीटरच्या आसपास. म्हणून टिंबानंतर पाच आकडे ठेवा. बरेच जण कागदावर उतरवताना दोनच आकडे लिहितात, १७.४३, ७५.१९ असे, त्यानं माणूस तुमच्या तालुक्यात येईल पण तुमच्या बागेत यायचा नाही, कारण दोन आकड्यांवर किलोमीटरभराचा घोळ राहतो. आणि फोनमध्ये टाकताना इंग्रजी आकडे वापरा, मध्ये स्वल्पविराम द्या.

अजून एक, आणि हे मी प्रत्येकाला सांगते. एक पिन टाकून भागत नाही. बागेच्या मध्यावर पिन टाकली तर मॅप येणाऱ्याला त्या पिनच्या जवळात जवळ असलेल्या रस्त्यावर आणून सोडतो, आणि तो रस्ता ओढ्याच्या पलीकडचा असू शकतो. मग माणूस पलीकडून हाका मारतो, तुम्ही इकडून हात हलवता आणि मध्ये पाणी. म्हणून दुसरी पिन पांदणीतून शेतात वळायच्या जागेवर टाका. दोन्ही सेव्ह करून नावं द्या, ‘गट अमुक, वळण’ आणि ‘गट अमुक, विहीर’ अशी. आणि सातबाऱ्याच्या फाइलमध्ये एका कागदावर हातानं लिहून ठेवा, फोन हरवतो, पाण्यात पडतो, कागद राहतो.

प्रश्न: आमच्या विहिरीच्या जुन्या कागदावर आकडे अंश, मिनिट, सेकंदात आहेत. फोनमध्ये टाकले तर पिन भलत्याच तालुक्यात जाते. असं का?
एक वाचक, मंठा, जि. जालना

प्रश्न: गटातल्या तीस जणांच्या शेतांची यादी एक्सेलमध्ये केली आणि नकाशावर चढवली तर सगळी शेतं समुद्रात गेली. काय चुकलं?
एका शेतकरी गटाच्या सचिव, पारनेर, जि. अहिल्यानगर

उत्तर: हे दोन प्रश्न मी मुद्दाम एकत्र घेतलेत, कारण आकडे बरोबर असून जागा चुकते ती बहुतेक वेळा ह्याच दोन कारणांनी.

आधी मंठ्याच्या दादांचं. अंशाचे ६० भाग म्हणजे मिनिटं आणि मिनिटाचे ६० भाग म्हणजे सेकंद, घड्याळासारखंच. पण फोन जे आकडे दाखवतो ते दशांशात असतात, म्हणजे शंभराच्या हिशोबात. कागदावर १८ अंश ५५ मिनिटं १९ सेकंद लिहिलेलं असताना आपण सरळ १८.५५१९ टाकलं की गडबड झालीच. करायचं असं की मिनिटांना ६० नं भागायचं, सेकंदांना ३६०० नं भागायचं आणि दोन्ही अंशात मिळवायचं. ५५ भागिले ६० म्हणजे ०.९१६६७, १९ भागिले ३६०० म्हणजे ०.००५२८, एकूण १८.९२१९५. हे गेटवेचंच अक्षांश आहे. रेखांश ७२ अंश ५० मिनिटं ५ सेकंद, त्याचं ७२.८३४७२ होतं. आता हेच कुणी न भागता १८.५५१९, ७२.५००५ असं टाकलं तर गेटवे ऑफ इंडिया पन्नास किलोमीटरपेक्षा जास्त लांब, अरबी समुद्रात जाऊन पडतो. तुमची विहीर तशीच दुसऱ्या तालुक्यात गेलीय. भागाकार करायचा नसेल तर अंश-मिनिट-सेकंदाची चिन्हं आणि शेवटी उत्तरेचं N आणि पूर्वेचं E ही इंग्रजी अक्षरं नीट टाकून सर्च करा, गुगल मॅपला तसंही कळतं, फक्त चिन्हं चुकवू नका.

कागद खूप जुना असेल, म्हणजे भारतीय सर्वेक्षणाच्या जुन्या टोपोशीटवरून आकडे काढलेले असतील, तर भागाकार बरोबर करूनही जागा शंभर-दीडशे मीटर सरकलेली दिसू शकते. जुने नकाशे एव्हरेस्ट नावाच्या मापावर बेतलेले होते, त्यात पृथ्वीचा आकार जरा वेगळा धरलाय, आणि आपले फोन डब्ल्यूजीएस ८४ ह्या मापावर चालतात. त्यामुळं विहीर शेजारच्या गटात दिसली म्हणून घाबरू नका, विहिरीवर जाऊन नवीन आकडे घ्या आणि जुन्याच्या खाली तारीख टाकून लिहून ठेवा.

आता पारनेरच्या ताई. तुमचे दोन रकाने उलटे झालेत. आपल्या बोलण्यात आणि गुगल मॅपच्या सर्चमध्ये अक्षांश आधी येतं, पण केएमएल आणि जिओजेसन ह्या नकाशाच्या फायलींच्या आत रेखांश आधी लिहायची पद्धत आहे, आणि फाइल हातानं बनवताना हमखास इथंच चुकतं. अहिल्यानगर शहर १९.०९, ७४.७४ च्या आसपास आहे, तेच उलटं करून ७४.७४, १९.०९ टाका, नॉर्वेच्याही उत्तरेला बर्फाळ समुद्रात बेअर आयलंड नावाचं बेट आहे त्याच्या जरा वरती पिन पडेल. माझ्याकडूनही पहिल्या वर्षी अशी एक पूर्ण यादी उलटी गेली होती, आणि पुढच्या ऑफिसनं दीड महिन्यानं परत पाठवली तेव्हा पेरण्या उरकल्या होत्या, त्या लोकांना ज्या कामासाठी यादी हवी होती ते त्या हंगामात झालंच नाही. ते मला अजून लागतं. तेव्हापासून यादी पाठवायच्या आधी मी एकच तपासणी करते, महाराष्ट्रातल्या कुठल्याही शेताचं अक्षांश १५ आणि २३ च्या मध्ये असतं आणि रेखांश ७२ आणि ८१ च्या मध्ये. एवढं पाठ करून ठेवा, रकान्यावरून नुसती नजर फिरवली तरी उलटं पडलेलं लगेच दिसतं.

यादीसाठी सोपा रस्ता म्हणजे एक्सेलमध्ये नाव, गट नंबर, अक्षांश, रेखांश असे चार वेगळे रकाने करा, सीएसव्ही म्हणून सेव्ह करा आणि गुगलच्या माय मॅप्समध्ये इंपोर्ट करा. तिथं कुठला रकाना कशाचा आहे ते तो स्वतः विचारतो, त्यामुळं उलटं व्हायची भीती कमी. फक्त तो नकाशा सगळ्या जगाला उघडा ठेवू नका, त्यात लोकांची नावं आहेत.

प्रश्न: मोबाईलवर बघितलं तर शेजाऱ्यानं आमच्यात चार-पाच मीटर बांध कोरलाय असं स्पष्ट दिसतंय. निळा ठिपका बांधावर उभं राहिलं की त्याच्या रानात जातो. स्क्रीनशॉट काढून ठेवलेत. हे पुरावा म्हणून चालेल का?
एक ऊस उत्पादक, वाळवा, जि. सांगली

उत्तर: नाही चालणार, आणि कृपा करून ते स्क्रीनशॉट घेऊन शेजाऱ्याच्या दारात जाऊ नका. तुमचं म्हणणं खोटं आहे असं मी म्हणत नाही, बांध कोरला गेलाही असेल, पण तुमच्याकडचा फोन ते सांगू शकत नाही.

का ते नीट समजून घ्या. साधा फोन मोकळ्या आकाशाखाली, सगळं चांगलं असताना, साधारण पाच मीटरच्या आत जागा सांगतो. उंच उसात, झाडाखाली, विहिरीच्या काठाला, डोंगराच्या पोटाला उभे असाल तर त्याहून जास्त चुकतो, कारण उपग्रहाचा सिग्नल सरळ न येता कुठंतरी आपटून येतो. २००० सालापर्यंत तर अमेरिका साध्या लोकांसाठीचा जीपीएस सिग्नल मुद्दाम बिघडवून सोडायची, तेव्हा शंभर मीटरपर्यंत फरक पडायचा, त्या मानानं आजचे पाच मीटर खूपच चांगले आहेत. रस्ता शोधायला, विहीर दाखवायला भरपूर झाले. पण बांधाला? शंभर मीटर लांबीचा बांध पाच मीटर सरकला तर ५०० चौरस मीटर होतात, म्हणजे जवळजवळ पाच गुंठे. पाच गुंठ्यांसाठी आपल्याकडं भावाभावांत काय काय झालंय ते तुम्हाला मी सांगायला नको.

आणि चूक फक्त ठिपक्याची नसते. खाली जो उपग्रहाचा फोटो दिसतो तोसुद्धा जमिनीवर तंतोतंत बसवलेला नसतो, काही ठिकाणी तो काही मीटर सरकलेला असतो. ह्याची परीक्षा तुम्ही स्वतः करू शकता. फोटोत स्पष्ट दिसणारी एखादी पक्की जागा धरा, पुलाचा कोपरा किंवा विहिरीच्या कठड्याचं टोक, तिथं दोन मिनिटं उभे राहा आणि ठिपका कुठं पडतो ते बघा. मग दुपारी परत बघा. मी हे एका बांधलेल्या विहिरीवर करून बघितलं, सकाळी ठिपका कठड्याच्या पूर्वेला होता आणि दुपारी पश्चिमेला, विहीर तर तिथंच होती.

हद्दीचा निकाल मोजणीनंच लागतो. तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करा, तो आता ऑनलाइन ई-मोजणीतून होतो. शेजारच्या खातेदारांना नोटीस जाते, भूकरमापक येतो, जुनं टिपण, गटबुक, फाळणी नकाशा जे काय असेल त्याच्याशी जागा ताडून बघतो. हल्ली ते रोव्हर आणतात, काठीवर बसवलेला उपग्रहाचाच रिसिव्हर, पण त्याला राज्यात ७७ ठिकाणी उभारलेल्या कॉर्स स्टेशनांकडून, म्हणजे एका जागी पक्क्या बसवलेल्या रिसिव्हरांकडून, दुरुस्ती मिळत राहते म्हणून त्याची चूक मीटरात न राहता सेंटिमीटरात येते. तुमच्या फोनला ती दुरुस्ती मिळत नाही, फरक तिथं आहे. मोजणीनंतर मिळणारी नकाशाची क प्रत जपून ठेवा.

तोपर्यंत फोनचा उपयोग एवढाच करा की आज बांध जसा आहे, हद्दीचे दगड जिथं दिसतायत, त्यांचे जवळून आणि लांबून फोटो काढून तारखेसह ठेवा.

प्रश्न: मी शारजाला नोकरीला आहे. गावी, वेंगुर्ला तालुक्यात, आजोबांची जमीन आहे. सातबारा ऑनलाइन मिळाला पण जागा मी लहानपणानंतर बघितलेली नाही, वडील गेले, आता दाखवणारं कुणी नाही. इथून नकाशावर शोधता येईल का?
एक वाचक, शारजा

उत्तर: बऱ्यापैकी जवळ जाता येईल. शेवटचं पाऊल मात्र तिथं कुणीतरी जाऊनच टाकायला लागेल.

सातबाऱ्यावर सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर आहे तो घ्या आणि सरकारच्या महाभूनकाशा साइटवर जिल्हा, तालुका, गाव निवडून त्या नंबरवर जा. तुमच्या तुकड्याचा आकार आणि आजूबाजूचे नंबर दिसतील. त्याची प्रिंट काढा आणि पेन घेऊन बसा. लगतचे नंबर लिहा, रस्ता कुठून जातो, व्हाळ कुठल्या बाजूला आहे, तुकड्याचा कुठला कोपरा टोकदार आहे, हे सगळं बघून घ्या. मग कॉम्प्युटरवर गुगल अर्थ उघडा आणि तेच गाव शोधा. लगेच आपला तुकडा शोधायला जाऊ नका, आधी गावाची मोठी ठळक खूण जुळवा, नदीचं वळण, दोन रस्ते मिळतात ती जागा, देवळाचा परिसर. एक जुळलं की तिथून नंबरामागं नंबर सरकत यायचं.

कोकणात अडचण झाडीची. आंबा-काजूच्या दाट झाडीखाली हद्द वरून दिसत नाही आणि पावसाळ्यातल्या फोटोत तर सगळं एकच हिरवं. कॉम्प्युटरवरच्या गुगल अर्थमध्ये जुने फोटो बघायची सोय आहे, त्यात मार्च-एप्रिल-मेमधले फोटो शोधा, तेव्हा भातखाचरांचे मेर, गडगे, पायवाटा उघड्या पडतात. झाडी कमी असतानाचा दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा फोटो मिळाला तर अजून चांगलं.

अंदाज आला की तुकड्याच्या मध्यावर पिन टाकून आकडे घ्या आणि गावातल्या चुलत्यांना किंवा जुन्या शेजाऱ्यांना पाठवून सांगा की इथं जाऊन उभे राहा आणि मला व्हिडिओ कॉल करा. तिथं एखादं फणसाचं झाड, तुळस, पडकी विहीर दिसली की तुमचंच तुम्हाला आठवायला लागेल, आणि ज्यांना नंबर माहीत नाहीत अशा जुन्या माणसांना जागेचं नाव बरोब्बर माहीत असतं, प्रत्येक मळ्याला, प्रत्येक भाटल्याला नाव असतं, ते विचारून घ्या. हे विचारायची माणसं कमी होत चाललीत, म्हणून पुढच्या सुट्टीची वाट न बघता ह्याच महिन्यात फोन करा. विकणं, वाटप, कुंपण असं काही करायचं असेल तर मात्र वरती वाळव्याच्या दादांना सांगितलं तेच, मोजणी.

प्रश्न: मोबाईलवर शेताभोवती चालून क्षेत्र मोजलं तर सातबाऱ्यापेक्षा कमी भरतं. आमची जमीन कुणी दाबलीय का?
एक वाचक, कळवण, जि. नाशिक

उत्तर: लगेच तसं समजू नका, आधी हिशोब बघा. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असतं. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट, म्हणजे १०१ चौरस मीटरच्या जरा वर. दोन्ही इतके जवळ आहेत की लोक आर आणि गुंठा एकच धरतात, छोट्या तुकड्याला चालून जातं पण एका हेक्टरला फरक एक गुंठ्याच्या वर जातो. हा ३३ फुटांचा आकडा इंग्रजांच्या काळातल्या मोजणीच्या साखळीतून आलाय, आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर.

दुसरं म्हणजे पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन. तो सातबाऱ्याच्या एकूण क्षेत्रात धरलेला असतो, आणि तुम्ही चालताना खडकाळ टेकाड, ओढ्याची कड बाहेर ठेवून फक्त वहितीच्या कडेनं चालला असाल. तिसरं म्हणजे उतार, आणि कळवणकडं तो आहेच. मोजणी सपाट धरून होते, वरून बघितल्यासारखी. २० अंशांच्या उतारावर तुम्ही टेपनं १०० मीटर धरलं तर सपाटीत ते ९४ मीटरच भरतं. उपग्रहाच्या फोटोवर मोजलेलं क्षेत्र सपाटीचंच असतं, त्यामुळं ‘टेप लावून बघितला तेव्हा जास्त होतं’ असं वाटू शकतं. आणि चालून मोजण्यात ठिपक्याची चूक प्रत्येक कोपऱ्याला लागते, दहा गुंठ्यांच्या तुकड्यात तर ती फारच भारी पडते. त्यापेक्षा कॉम्प्युटरवर गुगल मॅप उघडा, उजवं बटण दाबून अंतर मोजायचा पर्याय घ्या, कोपऱ्या-कोपऱ्यावर टिचक्या मारत परत पहिल्या ठिपक्यावर या, क्षेत्र दिसतं. खत, बियाणं, फवारणीचा अंदाज काढायला हे छान आहे.

प्रश्न: आमच्याकडे रेंजच नसते, मग जीपीएस चालतं का?
एक वाचक, अकोले

उत्तर: चालतं. जीपीएस, आपल्या इस्रोचं नाविक, हे सगळं आकाशातून येणारं असतं, फोन फक्त ऐकतो, त्याला सिमकार्डाची किंवा नेटची गरज नाही. रेंज नसताना जागा सापडायला वेळ जास्त लागतो एवढंच, कारण एरवी उपग्रह कुठं आहेत ती माहिती फोन नेटवरून पटकन उचलतो. अडतं ते खालचं चित्र, नकाशा नेटवरून येतो. म्हणून घरी वायफायवर असताना तुमच्या भागाचा ऑफलाइन नकाशा डाउनलोड करून ठेवा. त्यात उपग्रहाचा फोटो येत नाही, रस्ते येतात, पण आकडे घ्यायला तेवढं पुरतं.

प्रश्न: नुकसानीचे फोटो लोकेशनसहित काढले होते, पण पुढं पाठवल्यावर लोकेशन दिसत नाही म्हणाले.
एक वाचक, सेलू, जि. परभणी

उत्तर: व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि त्याच्या आत लपलेली जागेची माहिती निघून जाते. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग जशाचा तसा जातो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन टॅग चालू आहे का ते आधीच बघून ठेवा, पाऊस पडून गेल्यावर शोधत बसू नका. आणि पीक विम्याचं असेल तर हे फोटो तुमच्याजवळ असू द्या, पण तुमच्या विम्याच्या नियमात नुकसानीची सूचना द्यायला सांगितलेली असेल तर ती आधी, ठरलेल्या मुदतीत द्या. ई-पीक पाहणीलासुद्धा फोटो शेतात उभं राहूनच घ्यायला लागतो, त्यामुळं ठिपका स्थिर व्हायला दोन मिनिटं द्या, गडबडीत काढलेला फोटो शेजारच्या गटात दाखवला जातो आणि मग निस्तरायला तुम्हालाच चकरा.

प्रश्न: आमच्या चार पिढ्या ह्या आकड्यांशिवाय शेती करत आल्या. माझं शेत मला माहीत, शेजाऱ्याला माहीत, तलाठ्याला माहीत. मग ह्या अंश-बिंशाची मला काय गरज, ते खरंखरं सांगा.
एक आजोबा, उमरगा, जि. धाराशिव

उत्तर: आजोबा, तुम्हाला तुमचं शेत शोधायला गरज नाही हे अगदी खरं. ज्याला ते माहीत नाही आणि ज्याला तिथं लवकर पोचायचंय, त्याच्यासाठी ते आकडे असतात.

आमच्या मळ्यावर काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात संध्याकाळी खुरपणी करून निघता निघता एका मजूर मावशींना साप चावला. आम्ही १०८ ला फोन केला. गाडी लगेच निघाली, ड्रायव्हरचा फोन आला, कुठं यायचं. माझे काका सांगायला लागले, मोठ्या वडापासून आत या, मग डेअरीच्या पुढं, मग मळ्याचं नाव. आमच्या शिवारात त्याच नावाचे दोन मळे आहेत, एक रस्त्याच्या अलीकडं आणि एक पलीकडं, हे आम्हाला इतकं सवयीचं होतं की ते सांगायचं कुणाला सुचलंच नाही. गाडी पलीकडच्या मळ्यात गेली. अंधार, चिखल, त्यातून वळवून परत येईपर्यंत पंचवीस-तीस मिनिटं गेली. मी मावशींचा हात धरून बसले होते, त्यांचा हात गार पडत चालला होता आणि रस्त्यावर दिवा दिसतो का म्हणून सगळे तिकडंच बघत होते. मावशी वाचल्या, आजही आमच्याकडं कामाला येतात. पण त्या रात्री त्या ड्रायव्हरकडं दोन आकडे असते तर तो सरळ आमच्या दारात आला असता, त्याची काहीच चूक नव्हती, सांगता आम्हाला आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी वळणावर आणि पंपाच्या खोलीजवळ उभी राहून आकडे घेतले, तेव्हा हे काम मला नवीनच होतं. आता पंपाच्या खोलीच्या दारावर काळ्या ऑइलपेंटनं ते मोठ्या अक्षरात लिहिलेत, वर वळणाचं अक्षांश, त्याखाली रेखांश, त्याखाली गट नंबर आणि सगळ्यात खाली १०८. मजुरांपैकी ज्यांना वाचता येतं त्यांना फोनवर ते कसे सांगायचे ते म्हणून दाखवलंय, एक एक आकडा, टिंब कुठं ते सुद्धा. तुमच्या नातवाला एकदा दुपारचं शेतावर न्या आणि दोन आकडे काढून घ्या, रंगाचा छोटा डबा पुरतो.